विश्लेषण : चार आठवड्यांत न भरणारी जखम, तळपायाचा काळा डाग... त्वचेचा कर्करोग कसा ओळखावा?

आषाढात तिरोडा तालुक्यातील बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू झाली की माणसांचे पाय दिवसभर चिखलात असतात. काटा रुततो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाच फाटते, ठेच लागून नख काळे पडते. यातले बहुतेक सारे काही दिवसांत बरे होते. पायाला काहीतरी होतच असते आणि ते जातही असते, हा सगळ्यांचा अनुभव. म्हणूनच जे जात नाही, त्याकडे लक्ष जायला उशीर होतो. कुरूप समजून ब्लेडने खरवडलेला तळपायाचा काळा डाग, जुन्या भाजलेल्या खुणेवर पुन्हा फुटलेला फोड, कमरेच्या नाड्याखालची न भरणारी जखम यांतील एखादी गोष्ट त्वचेचा कर्करोग असू शकते. हा आजार आपल्याकडे फार नाही. मात्र तो डोळ्यांना दिसतो, वेळेत काढला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो आणि तरीही अनेकांच्या बाबतीत त्याचे निदान उशिरा होते. त्याचे प्रकार कोणते, ते एकमेकांपासून कसे ओळखायचे आणि निदान कसे होते, याविषयी.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार कोणते?

त्वचेच्या वरच्या थरात वेगवेगळ्या पेशी असतात. कोणत्या पेशी बेबंद वाढू लागल्या, त्यावरून कर्करोगाचे नाव ठरते. या थराच्या तळाशी असलेल्या पेशींसारख्या पेशींची गाठ म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. त्यांच्या वरच्या चपट्या पेशींचा कर्करोग म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. नावे अवघड असली तरी स्वभाव लक्षात ठेवायला सोपे आहेत. बेसल सेल संथ असतो आणि सहसा जागा सोडत नाही. स्क्वॅमस सेल मध्यम गतीने वाढतो आणि काही रुग्णांत लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो. मेलॅनोमा तिघांत सर्वांत कमी आढळतो, पण सर्वांत धोकादायक असतो. २०२२ मध्ये जगभरात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण आढळले आणि ५८ हजारांहून अधिक जणांचा त्याने मृत्यू झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

मोबाइलवर मिळणारी माहिती अपुरी का पडते?

इंटरनेटवर या आजाराची जी छायाचित्रे आणि लक्षणे दिसतात, ती बहुतांश गोऱ्या त्वचेची असतात. ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेत उन्हातील अतिनील किरणे हे या कर्करोगांचे सर्वांत मोठे कारण आहे. तिथे तो चेहरा, मान, पाठ, हात अशा उन्हात उघड्या पडणाऱ्या भागांवर दिसतो. सावळ्या आणि गहूवर्णी त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि ते या किरणांपासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे आपल्याकडे त्वचेचा कर्करोग एकूण कमी आहे.

पण कमी आहे म्हणजे नाही, असे नव्हे. शिवाय आपल्याकडे त्याच्या जागा वेगळ्या आहेत. मेलॅनोमा अनेकदा जिथे ऊन पोहोचतच नाही अशा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. स्क्वॅमस सेल अनेकदा जुन्या जखमेत, भाजल्याच्या व्रणात किंवा सतत घासल्या जाणाऱ्या त्वचेत उगवतो. बेसल सेल मात्र इथेही चेहऱ्यावरच जास्त दिसतो. पण गोऱ्या माणसासारखा गुलाबी मोत्याच्या रूपात येण्याऐवजी तो बऱ्याचदा काळपट असतो आणि तीळ समजला जातो. थोडक्यात, शोधायचे कुठे हे चुकले तर लक्षणे पाठ असूनही उपयोग नाही.

उन्हाचा धोका अजिबात नाही असेही नाही. जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींना, म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांना, तो फार मोठा असतो. त्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि दुपारचे ऊन टाळणे हे लहानपणापासून पाळायला हवे.

लुगडे आणि परकराच्या नाड्याचा संबंध काय?

याचे उदाहरण विदर्भातूनच पुढे आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन महिलांची प्रकरणे मांडली. पहिल्या महिलेचे वय ७० वर्षे. नऊवारीखाली परकराचा नाडा कमरेला आवळून बांधण्याची त्यांची जुनी सवय. उजव्या कुशीवरची दुखरी जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसऱ्या महिला साठीच्या उत्तरार्धातील. त्यांनी ४० वर्षे रोज लुगडे नेसले होते, तेही कमरेला घट्ट आवळून. त्यांची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्या बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. दुसऱ्या महिलेच्या जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत तो पोहोचला होता.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतर कमरेला घट्ट बांधल्याने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. ‘धोती कॅन्सर’ हे नाव तेव्हापासून वैद्यकीय ग्रंथांत आहे. काश्मीरमध्ये पोटाशी शेगडी धरून बसण्याच्या सवयीमुळे पोट आणि मांड्यांवर होणारा ‘कांगडी कॅन्सर’ही याच कुळातला.

यात दोष लुगड्याचा, परकराचा किंवा धोतराचा नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी पडणारा दाब, घर्षण, उन्हाळ्यातला घाम आणि त्यातून वारंवार सोलली जाणारी त्वचा हे खरे कारण आहे. आणि तसे घडलेल्या असंख्य महिलांपैकी अगदी मोजक्यांनाच कर्करोग होतो. उपायही साधा आहे. नाडा सैल बांधावा, नाड्याऐवजी रुंद पट्टी वापरावी, बांधण्याची जागा बदलावी. कमरेवर काळा, खरबरीत पट्टा पडला असेल आणि त्यात जखम झाली असेल, तर ती लाजेखातर लपवू नये.

जुनी जखम कर्करोग कशी बनते?

जखम झाली की शरीर नव्या पेशी तयार करून ती भरून काढते. जखम पुनःपुन्हा फुटत राहिली तर हे काम वर्षानुवर्षे थांबतच नाही. पेशी जितक्या जास्त वेळा विभागतात, तितकी त्यांच्यात चूक होण्याची शक्यता वाढते. त्यात सततची सूज असते आणि जुन्या व्रणात रक्तपुरवठाही कमी असतो. अशा जखमेत उगवणाऱ्या कर्करोगाला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. भाजल्याच्या खुणेत तो दिसायला साधारण तीन दशकेही लागू शकतात. म्हणजे लहानपणी चुलीवर भाजलेला पाय पन्नाशीत त्रास देऊ शकतो. हा प्रकार उन्हामुळे होणाऱ्या स्क्वॅमस सेलपेक्षा अधिक आक्रमक असतो.

पूर्व विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात कुष्ठरोगाचे रुग्ण अजूनही आढळतात. औषधाने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, पण उशिरा उपचार मिळालेल्यांच्या पायाची संवेदना परत येत नाही. तळव्याला जखम होते आणि ती दुखत नसल्याने चालणे सुरूच राहते. अशी जखम दहा-वीस वर्षे राहिली तर क्वचित तिच्यात कर्करोग होतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनीही पायाची जखम तितक्याच गांभीर्याने घ्यावी, कारण तिथेही दुखणे हा इशारा मिळत नाही.

जुन्या जखमेत पुढील बदल दिसले तर थांबू नये. काठ जाड, कडक आणि वर उचललेले होणे; मध्ये कोबीच्या फुलासारखे मांस वाढणे; हात लागताच रक्त येणे; वास अचानक वाढणे; जांघेत किंवा काखेत गाठ लागणे.

पिण्याच्या पाण्याचा संबंध असू शकतो का?

गोंदिया जिल्ह्याच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागड चौकी भागात, कौडीकसा व आसपासच्या गावांच्या भूजलात आर्सेनिक आढळल्याचे १९९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी दाखवून दिले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके येतात आणि तळहात-तळपायावर टणक दाणे उठतात. त्यातून पुढे स्क्वॅमस सेल होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे मानक आहे. हे ठिपके किंवा दाणे असलेल्या कोणी अशा भागात बराच काळ काढला असेल, माहेर तिथले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदानात पत्ता आणि पूर्वीचे राहणेही महत्त्वाचे ठरते.

मेलॅनोमा कसा ओळखावा?

साध्या तिळासाठी पाच प्रश्न विचारायचे. त्याचे दोन अर्धे भाग एकसारखे आहेत का? कडा नीट आहे की वेडीवाकडी? रंग एकच आहे की तपकिरी, काळा, निळसर, लाल असे मिसळलेले? व्यास ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या टोकापेक्षा, मोठा आहे का? आणि गेल्या काही महिन्यांत तो बदलला आहे का? यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जन्मापासून तसाच असलेला तीळ सहसा निरुपद्रवी असतो. चाळिशीनंतर नव्याने आलेला आणि वाढत जाणारा डाग दाखवायलाच हवा.

तळपायावर हा कर्करोग सुरुवातीला शाई सांडल्यासारखा सपाट डाग असतो. पुढे तो पसरतो, उंचावतो, चिघळतो. त्याला कुरूप, रुतलेला काटा किंवा साकळलेले रक्त समजले जाते. काही मेलॅनोमांना काळा रंगच नसतो. ते गुलाबी मांसासारखे दिसतात.

नखाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सावळ्या त्वचेच्या अनेकांच्या एकापेक्षा जास्त नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेषा असतात, त्या बहुतेक स्वाभाविक असतात. पण एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नव्याने काळी रेषा आली, ती रुंद होत गेली आणि तिचा रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला, तर तो धोक्याचा इशारा आहे. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते आणि त्याच्या मागे स्वच्छ नख येते. मेलॅनोमाचा काळेपणा मुळापासूनच कायम राहतो.

जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलॅनोमा होता. १९७७ मध्ये निदान झाले. तो शरीरभर पसरला आणि मे १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. अंगठ्याचा त्रास आधी फुटबॉल खेळताना झालेल्या इजेचा मानला जात होता.

तिन्ही प्रकारांतला फरक थोडक्यात

बेसल सेल : नाक, पापणी, डोळ्याचा कोपरा, गाल. चकाकणारी, काळपट किंवा त्वचेच्या रंगाची पुटकुळी. कडेला दोऱ्यासारखा उंचवटा. खपली धरते, पडते, रक्त येते, पुन्हा खपली. वर्षानुवर्षे संथ वाढ. दुसऱ्या अवयवांत पसरणे अत्यंत दुर्मीळ, पण दुर्लक्ष केल्यास नाक, पापणी, हाडही पोखरतो.

स्क्वॅमस सेल : जुनी जखम, भाजल्याचा व्रण, पाय, कंबर, खालचा ओठ. खरबरीत, टणक गाठ किंवा जाड काठाची जखम. वर शिंगासारखा थर किंवा कोबीसारखी वाढ. काही आठवडे ते महिन्यांत वाढ जाणवते. काही रुग्णांत लसिकाग्रंथींत पसरतो.

मेलॅनोमा : तळपाय, तळहात, नख, क्वचित तोंडाच्या आत किंवा कुठेही. बदलत जाणारा, रंग मिसळलेला डाग. लहान असतानाही खोल जाऊन यकृत, फुप्फुसे, मेंदूपर्यंत पसरू शकतो.

तीळ, चामखीळ, कुरूप यांची भीती बाळगावी का?

नाही. वयानुसार चेहऱ्यावर, मानेवर, पाठीवर येणारे मेण चिकटवल्यासारखे काळे-तपकिरी उंचवटे निरुपद्रवी असतात. कुरूप दाबाच्या जागीच होते आणि ते खरवडल्यावर आत पिवळसर, एकसारखा टणक थर दिसतो. चामखीळ खरवडली तर बारीक काळे ठिपके दिसतात. नखुरडे काही दिवसांत पिकते आणि उतरते. मात्र कोणताही तीळ किंवा गाठ दोरा वा घोड्याचा केस बांधून, चुना लावून किंवा पार्लरमध्ये जाळून काढू नये. दिसणारा भाग जातो, खालचा राहू शकतो आणि तपासायला हाती काहीच उरत नाही. डॉक्टरांनी काढलेला संशयित तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेला की नाही, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. औषध दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलमही महिनोन्महिने लावू नये. त्याने लाली कमी होते आणि निदान लांबते.

निदान कसे होते? बायोप्सीने कर्करोग पसरतो का?

त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोप या प्रकाशयुक्त भिंगातून डाग पाहतात. पण शेवटचा निकाल बायोप्सीचाच. जागा बधिर करणारे इंजेक्शन देऊन तांदळाच्या दाण्याएवढा, साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा घेतात. जखमेत तो मधल्या सडलेल्या भागातून नव्हे तर काठावरून घ्यावा लागतो. मेलॅनोमाचा संशय असेल तर शक्यतो पूर्ण डागच काढतात, कारण त्याची खोली मोजायची असते. तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत सर्वत्र ऐकू येते. नियमाप्रमाणे केलेल्या त्वचेच्या बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. बायोप्सीनंतर काही महिन्यांनी आजार वाढलेला दिसतो तो बहुतेकदा त्या महिन्यांत उपचार न घेतल्यामुळे. पहिल्या तपासणीत कर्करोग निघाला नाही आणि जखम तरीही वाढत राहिली, तर पुन्हा बायोप्सी करावी लागते. जुन्या जखमांत हे अनेकदा घडते.

अहवालात काय पाहावे? कर्करोगाचा प्रकार, काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आहेत का, आणि मेलॅनोमा असल्यास मिलिमीटरमधील खोली. १ मिलिमीटरपर्यंतचा मेलॅनोमा आणि ४ मिलिमीटरहून खोल मेलॅनोमा यांच्या भवितव्यात मोठे अंतर असते. अमेरिकेतील नोंदींनुसार मेलॅनोमा त्वचेपुरता मर्यादित असताना निदान झालेल्यांचा पाच वर्षे जगण्याचा दर ९९ टक्क्यांच्या आसपास आहे. दूरच्या अवयवांत पसरल्यावर तो साधारण एक तृतीयांशावर येतो.

तिरोड्याहून कुठे जावे? खर्चाचे काय?

पहिला टप्पा तिरोड्याचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. गावातील आशा सेविकेलाही डाग किंवा जखम दाखवता येईल. तज्ज्ञांसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; ते २०१६ मध्ये सुरू झाले. कर्करोगाच्या पुढील उपचारांसाठी नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तिरोडा मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर असल्याने गोंदिया आणि नागपूर दोन्हीकडे गाडीने जाता येते.

बहुतेक रुग्णांचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. गाठीभोवतीची थोडी निरोगी त्वचाही काढली जाते. बेसल सेलमध्ये ही कड साधारण ४ मिलिमीटरची पुरते, मेलॅनोमात खोलीनुसार १ ते २ सेंटीमीटर लागते. गरजेनुसार लसिकाग्रंथी काढणे, रेडिएशन, इम्युनोथेरपी हे उपचार जोडले जातात. लवकर आलेल्या रुग्णाचे काम अनेकदा एका छोट्या शस्त्रक्रियेत भागते. उशिरा आलेल्याला बोट किंवा पाय गमवावा लागू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून कर्करोगावरील अनेक उपचारांचा त्यात समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवून योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे.

घरी काय तपासावे?

महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, उजेडात दहा मिनिटे पुरतात. तळपाय आरशात पाहावेत, बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्यात, वीसही नखे पाहावीत. कंबर, जुने व्रण, ओठ, कानामागची जागा पाहावी. पाठ घरच्यांना पाहायला सांगावी. घरातील म्हाताऱ्या माणसांचे पाय नातवंडांनी पाहावेत. त्यांना वाकता येत नाही आणि ती स्वतःहून सांगतही नाहीत.

संशयास्पद काही दिसले तर शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढावा. फोटोवर तारीख आपोआप राहते. चार आठवड्यांनी त्याच जागेचा पुन्हा फोटो काढावा. डाग वाढला असेल किंवा जखम भरली नसेल, तर दोन्ही फोटो घेऊन डॉक्टरांकडे जावे. रक्त येत असेल, गाठ लागत असेल किंवा नखाची काळी रेषा कातडीवर उतरली असेल, तर हे चार आठवडेही थांबू नये. रोवणी असो की धान कापणी, त्यासाठीचा एक दिवस त्याच हंगामात काढावा.